आष्टी ते परळी : थांबे पाण्याने ठरवलेले

बीड जिल्ह्यातून पुष्कळ लोक जातात. बीड जिल्हा बघायला म्हणून सहसा कोणी येत नाही. पुण्याहून परळीला दर्शनाला निघालेली गाडी जामखेडला चहा घेते, मांजरसुंब्याला जेवते आणि सांजेच्या आरतीला वैजनाथाच्या पायऱ्यांशी उभी राहते. आष्टीपासून परळीपर्यंतचा जवळपास दोनशे किलोमीटरचा पट्टा ‘नुसता माळ तर आहे’ म्हणत, काचा वर करून, गाणी लावून काढला जातो.

हा माळच तर बघायचा आहे. हरिश्चंद्रगडाकडून आग्नेयेला सरकत आलेली बालाघाटाची रांग म्हणजे गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधला बांध. नावाला डोंगररांग, पण घाट चढून माथ्यावर आलात की डोंगर संपतो आणि सपाटी लागते. खडकाळ, मुरमाड जमीन, तिच्यावर कुसळी आणि पवन्या गवत, मध्येच बाभळ, बोर, हिवर, उताराला सीताफळाची झुडपं. पावसाळ्यात सगळं हिरवंगार, दिवाळीनंतर सोनेरी आणि होळीनंतर करपलेलं. मेंढरांचा कळप दिसतो तो आधी धुळीच्या रूपात. आता मध्ये मध्ये पवनचक्क्याही उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्यामुळे पाटोद्याच्या बाजूचा माळ दुरूनही ओळखू येतो.

अशा मोकळ्या मुलखात थांबे कसे ठरवायचे? कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या गवताळ मैदानावर रेल्वेने गावं बसवली ती शेतकऱ्याच्या बैलघोड्याच्या हिशेबाने. गव्हाची गाडी घेऊन निघालेला माणूस दिवसात परत घरी पोचला पाहिजे, एवढ्या अंतरावर एकेक स्टेशन आणि स्टेशनाजवळ धान्याचं उंच कोठार. तिकडचे प्रवासी कोठाराचं टोक दिसलं की गाव आलं असं समजत. बालाघाटावर हा हिशेब पाण्याचा होता. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही आष्टी-पाटोद्याकडे त्याचा नेम नाही. म्हणून जिथे झरा, कुंड, बारव, तिथे देऊळ. जिथे देऊळ, तिथे मुक्काम. पैठणहून पंढरीला निघालेली नाथांची पालखी रायमोहा-पाटोद्यावरून हा माथा ओलांडते, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. त्यांचे मुक्काम नकाशावर मांडून बघा, वाटेवरचं पाणी आपोआप मांडलं जाईल. ऊसतोडीच्या टोळ्याही गाडी सोडतात ती पाण्याच्या कडेला. मी थांबे निवडताना तोच नियम पाळतो आणि तुम्हीही तोच पाळावा.

निघायचं कधी, हे आधी सांगतो. धबधबे बघायचे असतील तर ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. सीताफळं दसरा-दिवाळीला, इथल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि रस्त्याकडेला पाटीत मांडून बसलेल्या बाईकडून घेतलेलं फळ शहरातल्या गाड्यावरच्यापेक्षा निम्म्या भावात पडतं. हुरडा खायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी. एप्रिल-मे मध्ये हौस म्हणून जाऊ नका; त्या दिवसांत माळावर सावली शोधावी लागते आणि ज्या गावात टँकर येतो तिथे पाहुण्याने पाणी मागायला संकोच वाटायला हवा. आणखी एक: दसऱ्यानंतर मार्चपर्यंत रात्री गाडी हाकू नका. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडाच, रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. याच दिवसांत कोयते बाहेर पडतात. कोयता म्हणजे इकडच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेऊन लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. त्या महिन्यांत माथ्यावरच्या कित्येक वस्त्यांत म्हातारी माणसं, शाळेची मुलं आणि कुलपं एवढंच राहतं. प्रवाशाला तो शांतपणा रम्य वाटतो, म्हणून त्याचं कारण सांगून ठेवलं.

अहिल्यानगरहून निघाल्यावर बीड जिल्ह्यातलं पहिलं मोठं गाव कडा, मग आष्टी. इथे चहापलीकडे थांबायची गरज नाही. इतिहासाची आवड असलेले लोक हमखास विचारतात, बापू गोखले पडले ती हीच का आष्टी? नाही. 1818 च्या फेब्रुवारीतली ती लढाई सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीची. या आष्टीची ताजी मिरवण्याजोगी गोष्ट म्हणजे रेल्वे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला 1995 मध्ये मंजुरी मिळाली, आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर 2022 मध्ये, आणि बीडला पोचली 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. तीस वर्षं! बीडमध्ये तोवर एक पिढी ‘रेल्वे येणार’ हे ऐकत म्हातारी झाली.

आष्टीनंतर रस्ता गंमत करतो. तो बीड जिल्हा सोडून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडात शिरतो आणि पंधराएक किलोमीटरवर पुन्हा बीडमध्ये येतो, तो थेट सौताड्याला. पहिला खरा थांबा हा. विंचरणा नदी माळावरून सरळ चाललेली असते, साधीशी, पायात चप्पल ठेवून ओलांडावी अशी. आणि अचानक जमीनच संपते. खाली खोल घळ, घळीत रामेश्वराचं देऊळ, आणि वरून कोसळणारं तेच पाणी. पायऱ्यांनी खाली उतरता येतं. उतरावंच, कारण वरच्या कठड्यावरून सेल्फी घेऊन परतणाऱ्यांना त्या घळीचा गारवा कळत नाही. वर ऊन रणरणत असतं आणि खाली दगडांना शेवाळ, झाडांना वेली, हवेत तुषार. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, कठड्यावर धोका असतो, आणि श्रावणी सोमवारी गर्दी एवढी की देवळापर्यंत पोचायला तास जातो. तेव्हा वार बघून जा.

सौताड्याचं पाणी कुठे जातं, ते तिथे उभं राहून विचारा. विंचरणा सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. आता गाडीत बसून पाटोद्याच्या दिशेने निघा. याच तालुक्यात मांजरा उगम पावते आणि सातशेहून अधिक किलोमीटर वाहत, कर्नाटक-तेलंगणाला वळसा घालून गोदावरीला मिळते. सिंदफणाही इथलीच, ती माजलगावच्या धरणात अडते आणि पुढे गोदावरीत जाते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा निघते ती पाटोदा तालुक्यातल्या वाघिऱ्याजवळ. म्हणजे ज्या तालुक्याला दर दोन-तीन वर्षांनी टँकरची यादी करावी लागते, तो चार नद्यांचं माहेर आहे. सगळं पाणी उताराने दुसऱ्यांकडे जातं. माथ्यावर राहणाऱ्यांचं हे जुनं दुखणं. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, शेततळी या सगळ्या खटपटी त्याच्यावरचे उपाय. रस्त्यावरून जाताना मात्र पाणलोटाची ती रेघ दिसत नाही. कुठे पाटी नाही, चौथरा नाही. एखाद्या शेताच्या बांधावर पडलेल्या सरीचं अर्धं पाणी कृष्णेकडे आणि अर्धं गोदावरीकडे जात असेल, आणि त्या शेतकऱ्याला त्याचं सोयरसुतक नसेल.

पाटोद्याजवळ नायगावचं मयूर अभयारण्य आहे. 1994 मध्ये जाहीर झालेलं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. अभयारण्य म्हटल्यावर घनदाट जंगल डोळ्यांसमोर येत असेल तर हिरमोड होईल. हे झुडपी रान आहे, टेकड्या, ओढे आणि गवत. मोर बघायचा असेल तर उजाडताना तिथे पोचलं पाहिजे. दुपारी बारा वाजता गाडीचा हॉर्न वाजवत जाणाऱ्याला मोर काय, चिमणीही भेटणार नाही. गवतात चंडोल, तितर, नशीब असेल तर खोकड. लांडग्याबद्दल मेंढपाळ बोलतात, पण ते काही कौतुकाने बोलत नाहीत.

रस्त्याकडेच्या टपरीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, “मामा, मोर लई आहेत म्हणे इकडं?”

“हायेत की,” ते म्हणाले. “तुम्हाला बघायला हायेत, आम्हाला राखायला. हुलग्यात उतरले का माणसापेक्षा जास्ती खातेत. हाकलायचं पन मारायचं नाही. सरकारचे पाव्हणे हायेत ते.”

टपरीवाल्याने चहात साखर घालता घालता मान डोलावली. मोरावर मराठीत ढिगाने लिहिलं गेलं आहे. त्याच्या हुलग्याच्या बिलाबद्दल फारसं कोणी लिहिलेलं नाही.

एक सूचना : दसऱ्याच्या दिवशी या बाजूला येऊ नका. याच तालुक्यातल्या सावरगाव घाट इथे, भगवानबाबांच्या जन्मगावी, मोठा मेळावा भरतो आणि सगळे रस्ते गाड्यांनी तुंबतात.

पाटोद्याकडून मांजरसुंब्याकडे जाताना लिंबागणेश लागतं. गणपतीच्या एकवीस क्षेत्रांत त्याची गणना होते, देव भालचंद्र. गणपतीने चंद्राला शाप दिला, चंद्राने इथे तप केलं, देवाने त्याला कपाळावर जागा दिली, अशी कथा. देवळाजवळच्या कुंडाला चंद्रपुष्करणी म्हणतात. पुन्हा पाणीच. पायावर पाणी घ्या, पाच मिनिटं टेका, निघा.

मांजरसुंबा म्हणजे या सगळ्या वाटेचा चौफुला. धुळे-सोलापूर हा 52 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथे आपली वाट आडवी कापतो. हॉटेलांच्या रांगा, पंप, टायरवाले, रसवंत्या, सगळं इथे. गाडीची टाकी इथेच भरून घ्या. जेवायला झगमगीत फलकांपेक्षा जिथे ट्रकवाले उभे आहेत तिथे जा. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं कालवण, ठेचा, कांदा मुठीने फोडून. मराठवाड्याची शेवभाजी तिखट असते. ‘मीडियम’ म्हणून सांगितलंत तरी तिखटच येते. सकाळची वेळ असेल तर सुशीला मागा. हा पदार्थ पुण्या-मुंबईच्या लोकांना माहीत नसतो : भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, दाण्याचा कूट. पोह्यांपेक्षा हलका, आणि प्रवासात पोटाला बरा.

मांजरसुंब्याजवळूनच कपिलधारचा फाटा आत जातो. डोंगराच्या कुशीत मन्मथस्वामींची समाधी आणि तिच्याजवळ धबधबा. मन्मथस्वामी हे सोळाव्या शतकातले वीरशैव संतकवी, ‘परमरहस्य’ या मराठी ग्रंथाचे कर्ते. कार्तिकी पौर्णिमेला इथे यात्रा भरते आणि मराठवाडाभरातून पायी दिंड्या येतात. लिंगायत परंपरेचं मराठीतलं हे एवढं मोठं पीठ, पण वारकरी वाटांचं जेवढं लिहिलं-बोललं जातं त्याच्या दशांशही याचं होत नाही. यात्रेच्या दिवसांत गेलात तर प्रसादाच्या पंगतीत बसा. इतर दिवशी गेलात तर पाण्याचा आवाज आणि माकडं. खाण्याची पिशवी गाडीतच ठेवा.

आता पूर्वेला वळायचं की बीडला उतरायचं? पुष्कळजण बीड गाळतात, कारण मग वीसेक किलोमीटर खाली जाऊन परत वर यावं लागतं. गाळू नका. बीड शहर बालाघाटाच्या पायथ्याशी आहे, आणि मांजरसुंब्याच्या घाटाने खाली उतरताना माथ्यावरचं पाणी खाली येऊन काय करतं ते दिसतं. आधी पालीजवळ बिंदुसरेचं धरण. भरलं की सांडव्यावरून पाण्याची चादर पडते आणि बीडकर सहकुटुंब ती बघायला येतात. हीच बिंदुसरा 23 जुलै 1989 ला शहरात शिरली होती; नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, माणसं गेली. त्या पिढीतले लोक अजूनही धरणाच्या सांडव्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आणि मग खजाना बावडी. शहराच्या अलीकडे महामार्गाजवळ आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधवली. कारागिराचं नाव राजा भास्कर असं सांगितलं जातं. बाहेरून बघितलं तर निराशाच होते. ना कमान, ना नक्षी; जमिनीत एक मोठं वर्तुळ. पायऱ्यांनी आत उतरलं की गोल ओवरी लागते. मी उतरत होतो तेव्हा वर शेतात काम करणाऱ्या एका आप्पांनी हाक मारून सांगितलं, “आत मोठ्यानं बोलू नगा, वर मोहोळ हाय.” वर बघितलं तर खरंच, कमानीच्या पोटाला हातभर लांबीचं आग्या मोहोळ लोंबत होतं, काळं, हलतं. मग आपोआपच सगळे पाय न वाजवता उतरले. ओवरीत थंडावा होता. पाणी फार खोल नव्हतं, तळाचे दगड दिसत होते. आणि नीट बघितल्यावर लक्षात आलं, की विहिरीतलं पाणी स्थिर नाही, ते हळू सरकतं आहे. एका बाजूच्या भुयाराच्या तोंडातून आत येतं आणि दुसऱ्या बाजूच्या तोंडातून निघून जातं. पाण्यावर पडलेलं कडुनिंबाचं पान मी टक लावून बघत राहिलो. ते तरंगत तरंगत गेलं आणि अंधारात शिरलं.

खजाना बावडीची सगळी करामत या सरकण्यात आहे. डोंगराकडच्या बाजूने भुयारांतून झिरपलेलं पाणी विहिरीत येतं, आणि एका भुयारातून शहरालगतच्या शेतीकडे जातं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. नुसता जमिनीचा उतार. इराणात अशा भूमिगत पाणीवाटांना कनात म्हणतात, दख्खनमध्ये औरंगाबादच्या नहरी आणि बुऱ्हाणपूरची भांडारं याच कुळातली. बीडकर सांगतात की बहात्तरच्या दुष्काळातही ही विहीर आटली नाही. आज आजूबाजूला बोअरवेल पडली आहेत, रस्ते रुंद झाले आहेत, आणि भूमिगत वाटेचं आयुष्य वरच्या खोदकामावर अवलंबून असतं. तरीही पाणी सरकतं आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या पाणीपुरवठ्याची योजना चालू स्थितीत बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

बीडमध्ये दुसरी जागा कंकालेश्वर. चौकोनी कुंडाच्या मधोमध उभं असलेलं, चालुक्यकालीन धाटणीचं तीन गाभाऱ्यांचं मंदिर. पुलावरून आत जायचं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरींबरोबर शस्त्रं घेतलेल्या स्त्रियाही कोरलेल्या आहेत. कुंड भरलेलं असेल तर देऊळ पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं दिसतं. महाशिवरात्रीला जत्रा भरते तेव्हा शिल्पं बघण्याचा विचारही करू नका. एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी जा.

विक्षिप्त गोष्टींची आवड असलेल्यांसाठी एक तिसरी जागा आहे. बीडच्या दक्षिणेला करजणी गावाजवळच्या टेकडीवर एक छोटी कबर आहे, ती माणसाची नाही, दाताची आहे. महंमद तुघलक वारंगळकडून दौलताबादला परतताना बीडजवळ मुक्कामाला होता, तिथे त्याचा दात पडला, तो त्याने इतमामाने पुरवला आणि वर घुमटी उठवली, अशी कथा इतिहासकार फरिश्त्यापासून चालत आलेली. दिल्लीच्या ज्या बादशहाने राजधानीच उचलून देवगिरीला आणली, त्याच्याबद्दल ही कथा खरी वाटायला अडचण येत नाही.

मुक्काम बीडला करा किंवा तसेच पुढे अंबाजोगाई गाठा. बीडहून परत मांजरसुंब्याला चढून नेकनूर, येळंब घाट, केज असा रस्ता आहे. नेकनूरला आठवडी बाजार असेल तर उतरा. सौदा करताना उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवणारे जुने हेडे, म्हणजे जनावरांचे दलाल, अजून भेटतात. केज तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बाजूला, धनेगावला मांजरा धरण आहे. पाटोद्याला जिचा उगम तुम्ही मागे टाकलात तीच ही नदी. 2016 मध्ये हे धरण कोरडं पडलं तेव्हा लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली ‘जलदूत’ लातूरला पोचली तेव्हा तिची छायाचित्रं देशभर छापली गेली. त्या छायाचित्रांत लातूरचं स्टेशन होतं. ज्याच्यामुळे हे घडलं ते कोरडं धरण बीडमध्ये होतं.

केजहून धारूरला वळसा घालावा असं मी म्हणेन, पण गड चढण्याची सवय असेल तरच. अठराएक किलोमीटरचा फेरा आहे. आजचा किल्ला विजापूरच्या किश्वरखानाने 1567 च्या सुमारास बांधला. दोनच वर्षांनी निजामशाही फौजेने तो घेतला आणि किश्वरखान मारला गेला. 1631 मध्ये मोगल आले, तेही दख्खनच्या भीषण दुष्काळाच्या ऐन भरात. तटबंदीचा काही भाग ढासळलेला असला तरी बुरूज आणि तलाव बघण्यासारखे आहेत, आणि तटावरून दिसणाऱ्या दऱ्या बघितल्या की एवढ्या लढाया कशासाठी झाल्या ते उमगतं. धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट अवघड आहे, वळणं आखूड आहेत. अनोळखी माणसाने तो अंधारात उतरू नये. आपण आडसमार्गे अंबाजोगाईला जायचं.

अंबाजोगाईला मात्र एक दिवस पूर्ण द्या. यादवांचा सेनापती खोलेश्वर याचं हे गाव. सिंघण यादवाच्या काळातले त्याचे शिलालेख इथे आहेत आणि युद्धात पडलेल्या भावाच्या स्मरणार्थ त्याची मुलगी लक्ष्मी हिने बांधवलेलं देऊळही. बाराखांबी म्हणतात त्या सकलेश्वराच्या मंदिराचे खांब सकाळच्या उन्हात बघावेत. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलदेवता, आणि ती घाटावर, एवढ्या लांब कशी, हे कोडं कोकणातून येणाऱ्या प्रत्येकाला पडतं. कथा अशी की देवी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला कोकणातून निघाली, वऱ्हाड इथपर्यंत आलं, कोंबडा आरवला, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. ते दगडी वऱ्हाड म्हणजे हत्तीखाना. जयंती नदीकाठी जमिनीत खोदलेली ही शिवलेणी, मोकळ्या अंगणात दगडी हत्ती. कथा विसरलात तरी चालेल, पण अंगणाच्या मधोमध उभे राहून चारी बाजूंना बघा. वेरूळची गर्दी इथे नाही. तिकीट नाही. बहुतेक वेळा तुम्ही आणि एखादी शेळी.

गावाबाहेर दरीच्या उतारावर मुकुंदराजांची समाधी आहे. शके 1110 म्हणजे इ.स. 1188 चा ‘विवेकसिंधु’ हा मराठीतल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी. विदर्भातलं आंभोरंही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. अभ्यासकांचा तो वाद चालू द्यावा, दरीतली वाट चालावी. दासोपंतांची समाधीही अंबाजोगाईतच. त्यांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, ओव्या आणि आकृत्या मांडून वेदान्त लिहिला. कागद महाग होता म्हणून की कापड टिकतं म्हणून, कोण जाणे. सतराव्या शतकाच्या आरंभी, 1615 मध्ये ते गेले. पासोडी गावाने जपली आहे. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं, घोडदळाची छावणी होती. पुढे 1974 मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय इथे निघालं. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं, अशी त्याची ओळख सांगतात. राहायला लॉज आणि देवस्थानचं भक्तनिवास आहे. नवरात्रात आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला खोली आधी सांगून ठेवा.

शेवटचे पंचवीस किलोमीटर परळीचे. घाट उतरता उतरता औष्णिक वीज केंद्राची धुराडी आधी दिसतात, देवळाचं शिखर नंतर. वैजनाथाचं मंदिर टेकडीवर, दगडी, रुंद पायऱ्यांचं. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ज्योतिर्लिंग परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद तुम्ही पुजाऱ्यांसमोर काढू नका. परळीच्या वीज केंद्राला लागणारं पाणी गोदावरीच्या खोऱ्यातून येतं, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये ते संपलं तेव्हा संच बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं.

परतीला माथ्यावरूनच जायला हवं असं नाही. परळी-सिरसाळा-तेलगाव-वडवणी असा खालचा रस्ता बीडला येतो. हाताशी वेळ असेल तर गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला जा. 10 ऑगस्ट 1763 ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो इथे, आणि गोदाकाठचं शनीचं देऊळही इथलंच.

सगळं दोन दिवसांत बसवायचं असेल तर काही सोडावं लागेल. धारूर सोडा, कपिलधार सोडा, परळीची आरतीही चुकली तरी चालेल. खजाना बावडी आणि हत्तीखाना सोडू नका. बारवेत आणि कुंडात निर्माल्य, पिशव्या, बाटल्या टाकू नका. ते पाणी कोणीतरी पितं. आणि गाडीत पिण्याचं पाणी स्वतःचं भरून न्या, म्हणजे फेब्रुवारीनंतर माथ्यावरच्या गावात तुम्हाला ते मागावं लागणार नाही.